वासुदेव मामा वाट चुकला नाही

गोपिका, चष्मा कपाळावर आहे. डोळ्यांवर घे आणि मग वाच. नाहीतर आईचं मृत्युपत्र हरवलं म्हणून गावभर ओरडशील.

मी, मनकर्णाबाई बेवा किसनराव कुकडे, वय सत्तरच्या आसपास, धंदा भाजीपाला विकणे, राहणार नाचणगाव, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणी गळा धरलेला नसताना हे सांगते. मला अक्षर येत नाही, बंडूजी लिहितो. बंडूजी, भराभर हात उचल, जीव थांबून नाई राह्यला.

१. घर मुलगी गोपिका व मुलगा वासुदेव यांना निम्मेनिम्मे. वासुदेव नागपुरात सायकली दुरुस्त करतो. हिस्सा त्यानं स्वतः येऊन घ्यावा.

२. तराजू, टोपल्या गोपिकेला. जाऊ विमलाबाईला काही नाही. माझं माप खोटं, असं ती भर बाजारात बोलली.

३. रानात सोडलेल्या बहीणभावाची गोष्ट गोपिकेची मुलगी कोकिळा हिला. पुलगावला दारूगोळ्याच्या डेपोच्या क्वार्टरांत मी भाजी विकताना तिथल्या केरळच्या नर्सबाईनं ती मला इंग्रजी पुस्तकातून सांगितली. पोरं वाटेवर पावाचे तुकडे टाकतात, पाखरं खाऊन जातात. चेटकिणीचं घर केकचं. नर्सबाईच्या शेजारच्या ओमप्रकाशच्या आईनं गोष्टीत पावाऐवजी लाह्या घातल्या. मी पोरांना पाखरं खात नाहीत ती सरकी टाकायला लावली, घर गुळाचं बांधलं. नर्सबाई म्हणाली, "अम्मा, कहानी बिगाड़ दी!" मी म्हटलं, "बाई, उपाशी पाखरांच्या भरवशावर पोरं सोडली काऊन?" कोकिळानंही आपल्या पोरांजोगी बदलावी.

४. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं आपल्याकडे मानतात. कोकिळा लहान असताना तिनं भर दुपारी हीच गोष्ट मागितली, मी सांगितली, आणि संध्याकाळी वासुदेव घर सोडून गेला. पोरीनं ते मनाला लावून घेतलं. आज ती बालवाडीत शिकवते, पण पोरांना गोष्ट सांगत नाही. म्हणते, "आजी, कोणाचा मामा हरवला तं?" म्हणून लिहवून ठेवते : वासुदेवला न विचारता बापानं सोयरीक ठरवली, त्या रागानं तो गेला. पोरी, तुह्यामुळे नाई. बालवाडीत भर दुपारी गोष्ट सांगजो. माझ्या हातातले चांदीचे गोट तिनं गोष्ट सांगितल्यावरच तिला द्यावे.

साक्षीदार : पुंडलिकराव भोयर (सही), शकुबाई भोयर (अंगठा)
निशाणी अंगठा : मनकर्णाबाई
नाचणगाव, जि. वर्धा, ११ मार्च १९८३

थांब बंडूजी, शाई ओली आहे तोवर हेही लिही. मी गेल्यावर वासुदेवकडे मुंगवड्या पाठवा, कोकिळानंच नेऊन द्याव्या. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे पाठवू नका. ते गरम खायचे तर त्यानं घरी यावं.