पी. एन., चव्वेचाळीस

सांगली, ४ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास,
धन्यकुमारचा सा. न. वि. वि. जय जिनेंद्र.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि ही बातमी ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र. आपल्या नेमूकाकांची जहाजावरची पेटी परवा उघडली. तळाशी लुंगीत गुंडाळलेलं, सहा घरांचं चक्र असलेलं पिस्तूल! त्यावर इंग्रजीत पी. एन. कोरलंय, शेजारी ४४. म्हणजे आपले खापरपणजोबा पायगोंडा नेमगोंडा, सन १८४४! त्यांनी दरोडेखोर पिटाळल्याची काका सांगायचे ती गोष्ट खरी निघाली.

तेवीस तारखेला समाजाच्या सभागृहात माझं भाषण आहे. चौकात फलकही लागला. खापरपणजोबांचं चित्र मिळेना, म्हणून माझ्याच फोटोला कल्ले आणि पगडी चढवली. तू ये.

तुझी माया आहे तेवढीच राहू दे.
धन्यकुमार

सातारा, ८ नोव्हेंबर

चि. धन्यकुमार यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून धन्य झाले. पाणी गाळून पिणाऱ्या घरात पिस्तूल! खापरपणजोबा गोळी झाडण्याआधी दरोडेखोरांची क्षमा मागत असतील, आणि सूर्यास्तानंतर तर चापाला हातही लावत नसतील. आपले खापरपणजोबा मोडी लिहायचे. सही तेवढी इंग्रजीत कशी केली, तेही भाषणात सांग.

चेष्टा पुरे. पिस्तुलावर आणखी काही कोरलेलं असेल, तर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा पाठव. चाळीस वर्षं इतिहास शिकवलाय, एवढा हट्ट चालेल.

पगडीतला फोटो मात्र ठेव. बायकोला धाकात ठेवायला उपयोगी पडेल.

तुझी,
आक्का

सांगली, १४ नोव्हेंबर

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुला सगळ्यात खोटच दिसते. लहानपणी तू मला दगडाचे उभे गोमटेश्वर रात्री खाली बसतात असं सांगितलं होतंस आणि मी ते वर्गात बोललो होतो. आता फसणार नाही. ठसे सोबत आहेत. नळीखाली एक इंग्रजी ओळ आहे, त्यातले 'ब्लॅक' आणि 'ओन्ली' एवढेच शब्द लागतात. काळ्या माणसालाच देण्याचा गोऱ्या साहेबाचा हुकूम असावा. चौकटीत ए. बी. आहे, तो साहेबच असणार.

आणि ऐक, भाषणानंतर सलामीचा एक बार काढायचा आहे. आपला धुळा, शेतराखणीच्या परवान्याची बंदूक आहे तो, म्हणाला की आण्णा, काडतूस फोडून दारू म्या भरतो, तुमी निस्ता चाप वडा. मी हो म्हटलंय.

राग नाही, पण थोडा आहे.
धन्यकुमार

सातारा, २२ नोव्हेंबर

धन्या,

हे पत्र घेऊन शेजारचा नियाज पहिल्या एसटीने निघतोय. त्याच्या वडिलांचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान होतं, तो त्यातच वाढला. तुझं पाकीट काल संध्याकाळी हातात पडलं. रात्री त्याला तुला फोन करायला लावला, तर तू म्हणालास की आक्काची नवी चेष्टा दिसते, आणि फोन ठेवून दिलास. तुझा दोष नाही. साठ वर्षं मीच तुला तशी सवय लावली.

ही चेष्टा नाही. नियाजने भिंगाखाली ठसा वाचला. ओळ अशी आहे: ब्लॅक पावडर ओन्ली. फक्त काळी दारू. अरे, १८४४ साली दुसरी दारूच नव्हती, तर 'फक्त' कोण कोरेल? पी. एन. म्हणजे इटालियन भाषेत 'पोल्वेरे नेरा', तीच काळी दारू. ४४ हे नळीचं माप. ए. बी. म्हणजे तपासणीचं वर्ष, १९७६. त्या साली काका इटलीच्या बंदरात होते, त्यांचं कार्ड माझ्याकडे आहे. ही जुन्या पिस्तुलाची नक्कल आहे, पण खरी उडणारी.

काडतुसातली दारू नवी आणि भलती जोरकस असते. नियाज म्हणतो, आपा, चक्र फुटंल आणि भाऊंचा हात जाईल. चापाला हात लावू नकोस. हसायचं तर मला आयुष्यभर हस.

आक्का

सांगली, २५ नोव्हेंबर

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

नियाज आला तेव्हा मी आरशासमोर पिस्तूल उगारून उभा होतो. तुझं पत्र वाचलं आणि फाडायला निघालो. त्याने पिस्तूल माझ्या हातातून घेतलं आणि सरळ पाण्याच्या बादलीत बुडवलं. धुळ्याने आदल्या दिवशीच सहाही घरं भरून ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं. धुळ्यानेच ते कबूल केलं. पिस्तूल आम्ही ठाण्यात जमा केलं. साहेबांनी दोन तास बसवून घेतलं, पण जबाब लिहिताना तेही हसू दाबत होते.

भाषण रद्द केलं नाही. उभा राहिलो आणि तुझं पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. पायगोंडा नेमगोंडा म्हणजे काळी दारू हे कळल्यावर सभागृहात पाच मिनिटं हसून हसून कुणाला श्वास घेता येईना. टाळ्या मात्र तुझ्या नावाने पडल्या, हे मला मुळीच आवडलेलं नाही.

अक्षर गिचमीड आलंय, समजून घे. माझा हात लिहिण्यात पहिल्यापासूनच कच्चा. पण जागेवर आहे.

तुझा,
धन्या