चौदाव्या खळग्याचा चौकोन

सोमवार, ता. ९

चि. ठकीस, आईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पार्सल शनिवारी पोचलं. आलं ते असं: फाटके हातमोजे दोन, दोन्ही डाव्या हाताचे, पायमोज्यांचे तीन जोड, स्पर्धेचा छापील तक्ता एक, आणि तुझं सहा पानी पत्र. तिकिटं कमी लावली होतीस म्हणून पोस्टमनने दंड घेतला. चार दिवसांच्या भाजीचे पैसे गेले. एवढी मोठी खेळाडू झालीस, पण पार्सलचं वजन करून घ्यायला तुझे हात दुखतात का गं? हातमोजे शिवायला घेतलेत. पायमोजे मात्र आता फरशी पुसण्याच्याच लायकीचे.

पहिल्या वीस जणींनाच जागा, त्यात नेमकी विसावी आलीस आणि वर्षभर मोठ्या स्पर्धांत खेळायला मिळणार, हे ह्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा पुसायच्या निमित्ताने बाहेर गेले. तीस वर्षं गोल्फच्या मैदानावरचं गवत कापलं त्यांनी; आता त्या गवतावर लेक पोट भरणार. तुझं तरी काय काय झालं! पहिल्या वर्षी दोन स्पर्धा जिंकलीस, मग मनगट दुखावलं, जागा गेली, दोन वर्षं दुकानात लोकांच्या पायांत बूट चढवत बसलीस. गेल्या वर्षी तर एका टोल्याने हुकलीस. आत्या म्हणाल्याच होत्या की मुलीने आता उन्हात काठ्या फिरवणं पुरे करावं. काल मुद्दाम त्यांच्या घरी जाऊन आले. चहाला थांबले नाही, सांगितलं आणि निघाले. देवाने यश दिलं की माणसाने जरा मिरवावं.

आता एक बारीकशी गोष्ट. माझी रीत तुला ठाऊक आहे. तू अकरा वर्षांची असल्यापासून तुझ्या प्रत्येक खेळाला मी वहीत अठरा चौकोन आखते, तुझ्या पत्रातून एकेका खळग्याचे टोले मोजून भरते आणि मग छापील तक्त्याशी ताडून बघते. शेवटच्या दिवसाचे सतरा चौकोन जुळले. चौदावा जुळेना. तू लिहिलंस की पहिला टोला छान गेला, दुसरा झुडपात गेला, तिथे काठी चेंडूवरून नुसतीच फिरली आणि एक वार फुकट गेला, मग चेंडू बाहेर काढला, मग हिरवळीवर आणला आणि दोन टोल्यांत खळग्यात घातला. माझे सात होतात. तक्त्यात सहा आहेत. फुकट गेलेला वार मोजत नसतील म्हणून ह्यांना विचारलं. त्यांनी कप अर्ध्यावर धरला आणि म्हणाले की मोजतात. मारायला म्हणून काठी फिरवली की चेंडूला लागो न लागो, तो टोला. का विचारतेस, म्हणाले. सहज, म्हटलं.

माझंच चुकत असणार. मॅट्रिकपर्यंतचं गणित माझं. आठवून कळव, म्हणजे चौकोन भरून वही मिटते. दूध घेत जा. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी आई

•

शुक्रवार, ता. १३

ती. आईस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अगं, ते पत्र मी आनंदात घाईघाईने खरडलं होतं, एखादा टोला जास्त लिहिला गेला असेल. छापलेलं आहे तेच बरोबर. माझ्याबरोबर खेळणाऱ्या आणि माझ्या कार्डावर आकडे लिहिणाऱ्या उंच मुलीने सही केली, मी केली, स्पर्धेच्या साहेबांनी शिक्का मारला. संपलं. तू सहा लिही आणि वही मीट.

इथे धावपळ आहे. पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला पहिली स्पर्धा आहे. माझ्या खोलीतल्या डावखुरीबद्दल लिहिलं होतं ना, ती एकविसावी आली. माझ्या मागे एकाच टोल्याने. पुढच्या शनिवारी घरी जाणार आहे, वडिलांच्या लाँड्रीत इस्त्रीला उभी राहणार. बोलत फारशी नाही. मला लवकर उठता यावं म्हणून स्वतःचं गजराचं घड्याळ देऊन टाकलंय. मला नको होतं ते. त्याची टिकटिक डोक्यात बसलीय. सरावाला चेंडू सरळ जात नाही, जेवण जात नाही, बाकी छान.

आणि ते चौदाव्याचं कोणाला बोलू नकोस. बाबांना तर नाहीच.

तुझी,
ठकी

•

मंगळवार, ता. १७

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू सांगितलंस म्हणून सहा लिहिले. पेन्सिलीने. मग खोडले. मग पुन्हा लिहिले आणि पुन्हा खोडले. कागद इतका झिजलाय की पलीकडचं दिसतं.

चुकून जास्त लिहिलं गेलं असतं, तर बाबांना सांगू नकोस असं लिहिलं असतंस का गं? मी साधी बाई आहे, पण घर चालवते. कुठला डबा कोणी उघडला हे मला झाकण बघून कळतं.

तुला धर्म शिकवायला हे लिहीत नाही. माझंच सांगते. सकाळी देवापुढे बसले आणि तिची जागा राहू दे एवढंच मागितलं. खरं काय ते होऊ दे असं मागायचा धीर झाला नाही. इतकी वर्षं हात जोडतेय, पण असं चोरून मागणं पहिल्यांदाच झालं. पूजेवरून उठले तरी उठल्यासारखं वाटेना. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरतेय. धुतलेली भांडी पुन्हा धुतली. तुझी जागा गेली तर मला सोसायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ह्यांना मी बोलले नाही. पण तुझं सहा पानी पत्र त्यांनी स्वतःच घेतलं आणि बोट ठेवून वाचलं. तुला आठवतं का, अकरा वर्षांची असताना मैदानावर तू चेंडू बुटाच्या टोकाने हळूच गवताबाहेर सरकवला होतास? ह्यांनी लांबून पाहिलं. ओरडले नाहीत. गवताचं मशीन बंद केलं आणि तू चेंडू परत जागेवर ठेवीपर्यंत तसेच उभे राहिले. ठके, परवापासून घरात मशीन बंद आहे. रेडिओ लावत नाहीत, भाजीला नावं ठेवत नाहीत. गुडघे दुखत असूनही अंगणाला फेऱ्या घालतात.

चौदावा चौकोन रिकामा आहे. तू सांगशील तो आकडा मी शाईने लिहीन आणि पुन्हा विचारणार नाही. आमची माया त्या चौकोनात मावणारी नाही, एवढं ध्यानात ठेव.

तुझी आई

•

शनिवार, ता. २१

ती. आई आणि ती. बाबा यांना ठकीचा सा. न. वि. वि.

आई, सात लिही.

उंच मुलगी तेव्हा तळ्यापलीकडे स्वतःचा चेंडू शोधत होती. हिरवळीवर आल्यावर तिने सहा बोटं दाखवून विचारलं. मी मान हलवली. मग खेळ संपल्यावर टेबलाशी साहेब म्हणाले की चौकोन तपासून सही करा. मी वरून खाली बोट नेलं, चौदाव्यावर थांबले आणि सही केली. नजरचुकीने नाही. मला ठाऊक होतं. संध्याकाळी तुला पत्र लिहायला बसले तर सगळं जसंच्या तसं उतरलं. तुला लिहिताना टोला गाळायची सवयच नाही हाताला.

तुझं पत्र काल सकाळी आलं. ते खिशात घालून मी साहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले की स्पर्धा संपलेली आहे. सही करताना चूक तुमच्या लक्षात आली नसेल तर निकाल तसाच राहतो, लक्षात आली होती का? आई, त्या माणसाने दार उघडून धरलं होतं. नाही एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, आली होती. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं, आणि माझ्या नावावर रेघ मारली.

जागा डावखुरीला गेली. खोलीवर आले तेव्हा ती बॅग भरत होती. सांगितल्यावर आधी तिने मला यथेच्छ शिव्या घातल्या. म्हणाली की दोन आठवडे माझ्याशेजारी झोपलीस, माझं घड्याळ घेतलंस, आणि आज सांगतेस! मग बॅगेवरच बसली. म्हणाली की घड्याळ परत दे, आता मला लागेल. दिलं. त्यानंतर मी जेवले, दोन वेळचं एकदम.

किती दिवस खेळायची बंदी घालायची ते समिती ठरवणार आहे. महिनाअखेरपर्यंत मी इथेच राहते. सरावाच्या मैदानावर चेंडू गोळा करायचं आणि नवशिक्यांना शिकवायचं काम मिळालंय. पुढे खेळेन की नाही, माहीत नाही. सरावाला मात्र चेंडू आज सरळ गेला, आणि त्याचाच जास्त राग आला.

बाबांना म्हणावं, चेंडू जागेवर ठेवलाय.

तुमची,
ठकी

•

बुधवार, ता. २५

चि. ठकीस, आईचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तिकिटं पुरेशी होती, दंड नाही. असं शहाणपण आधीच सुचत जावं.

मी रडले. खोटं कशाला सांगू? तुझ्यावर चिडले, त्या साहेबावर चिडले, माझ्या वहीवर तर सगळ्यात जास्त. मोजायची हौस कोणाला होती, मलाच ना! ह्यांनी पत्र उभ्यानेच वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणाले की आज भाजीत मीठ कमी पडलंय. तेव्हा कळलं, मशीन सुरू झालं. आत्यांना मीच जाऊन सांगितलं. त्या बोलायचं ते बोलल्या. मी या वेळी चहाला थांबले.

चौकोनात सात लिहिले, शाईने. कागद फाटायला आला होता, म्हणून मागून चिकटपट्टी लावली आणि पानाची बेरीज नव्याने केली. आज सकाळी देवापुढे काही मागितलं नाही. नुसती बसले, बरं वाटलं.

सोबत पार्सल आहे, वजन करून पाठवलंय. तुझे दोन हातमोजे, अंगठ्याशी दुहेरी शिवण घातलेले. तिसरा उजव्या हाताचा आहे, तो डावखुरीला दे; डावखुऱ्यांना तो उजव्या हातातच लागतो, असं हे म्हणाले. ह्यांच्या कामाच्या जुन्या हातमोज्यातून बेतलाय. माप अंदाजाने घेतलंय, बोटं लांब झाली तर मुडपून घे म्हणावं. तिचे टोले कळवलेस तर तेही लिहीन, पण मागच्या पानावर. पुढची पानं तुझी आहेत. पुढे खेळशील की नाही, हे मी तुला विचारलेलं नाही, हे ध्यानात घे.

चौकोन आखून ठेवायचेत. समितीने बंदी किती महिन्यांची घातली ते कळताच उलट टपाली लिही. तेवढीच पानं कोरी सोडते, एकही जास्त नाही.

तुझी आई