शुभेच्छा विभागप्रमुख

३ जून, सोमवार
आजपासून संकल्प. रोज एकाचं तरी तोंड भरून कौतुक करायचं, तेही इंग्रजीत आणि उर्दूत. मराठीत कौतुक केलं की लोक विचारतात, काय काम काढलंत?
इंग्रजी माझं मुळातच उत्तम. उर्दू सासरेबुवांकडून घेणार. ते आमच्याकडेच राहतात आणि तरुणपणी मुशायऱ्यांना जात असत. वजनकाट्यांच्या या कारखान्यात डिस्पॅच क्लार्क म्हणून माझी गुणवत्ता वर्षानुवर्षं कुजते आहे. बढती आता याच वाटेनं येणार.

७ जून
स्टोअरकीपर रिटायर झाला. (आम्ही त्याला डुलकी म्हणतो.) निरोपाला साहेबांना शब्द सुचेनात. मी उठलो. यू आर अ जेम ऑफ अ पर्सन, विश यू ऑल द बेस्ट! वर उर्दू : आप जहाँ रहें, सलामत रहें. डुलकी ढसाढसा रडला. साहेब माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. हेरलं मला.

१२ जून
केबिनमध्ये बोलावणं. साहेब म्हणाले, कंपनीला काही माणसं मोकळी करायची आहेत, पण गोडीगुलाबीनं. सकाळी मला नाव सांगणार. मी चार शब्द बोलायचे, मग ते पाकीट देणार. म्हणजे मी शुभेच्छा विभागप्रमुखच झालो. पगार तोच, पण मान बघा!
हिला सांगितलं. ही म्हणाली, म्हणजे खाटकाकडे बकऱ्यांना हार घालायची नोकरी. हिला हुद्द्यातलं काही कळत नाही.

१८ जून
टायपिस्ट बाई झाल्या. पेंटर झाला. पेंटरनं ब्रश फेकून मारला. भावनावश झाला असावा.
सासरेबुवा म्हणाले, जावईबापू, द्यायला शिकलात, आता घ्यायलाही शिका. कुणी तारीफ केली तर म्हणायचं, जर्रानवाजी है आपकी. म्हणजे मी आपला धुळीचा कण, मोठेपणा तुमचा. मी म्हटलं, आपण देणारे, घ्यायची वेळ कशाला येतेय! तरी उद्या पाठ करीन.

२४ जून
पाठांतर राहिलं. घसा बसला होता.
ऑफिसात लोक मला वचकून आहेत. यालाच लीडरशिप म्हणतात. कॅन्टीनमध्ये शेजारी बसलो की ताट उचलून दुसरीकडे जातात. आज अकाउंटंटला सहज म्हटलं, नाइस शर्ट. तो मटकन खाली बसला. तोंडावर पाणी मारावं लागलं. त्याचं नाव मला सांगितलेलंही नव्हतं. साहेबांना जाऊन खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, बसलाच आहे तर त्यालाही उरकून टाका.
उरकलं. जेवण गेलं नाही. कॅन्टीनचं तेल खराब असणार.

१ जुलै
हॉलमधल्या अर्ध्या ट्यूबलाइट काढल्या. रिकाम्या खुर्च्या भिंतीशी एकावर एक रचल्यात. आवाज छान घुमतो, उर्दूला बरं.
तपासणीच्या टेबलावर एक काटा तसाच राहिला होता. पारड्यात काही नाही, तरी काटा हलत होता. मला भीती वाटली. खिडकी उघडी होती, एवढंच. लावून घेतली. परत आलो तरी तो हलतच होता.

४ जुलै
साहेबांनी खास काम दिलं. उद्या एका जुन्या, निष्ठावंत माणसाचा निरोप आहे. साहेब स्वतः बोलणार, मी फक्त मजकूर बसवून द्यायचा. नाव त्यांनी सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. मोठ्या हुद्द्यावर असं विचारत नाहीत.
भाषण फर्मास झालं. हिला वाचून दाखवलं. ही भाजी चिरता चिरता थांबली. म्हणाली, उद्या जाऊच नका. असूया, दुसरं काय! सासरेबुवांनी विचारलं, ते उत्तर पाठ झालं का? म्हटलं, वेळ कुठे आहे?

५ जुलै
साहेबांनी वाचलं. जेम ऑफ अ पर्सनला टाळ्या पडल्या. पहिली टाळी माझीच होती. जहाँ रहेंचा उच्चार त्यांनी पार वाया घालवला. मी ओठांनी दुरुस्त करून देत होतो, आणि ते चालत चालत माझ्यासमोर येऊन थांबले. पाकीट माझ्या हातात दिलं.
सगळे बघत होते. टाळ्या चालूच होत्या, आणि त्यात सुटल्याचा आनंद होता. तो आवाज मला ऐकू आला. उत्तर द्यायला उभा राहिलो. धूळ एवढं आठवलं. पुढचं काही येईना. तसाच बाहेर पडलो.
घरी आलो. दारात सासरेबुवा उभे होते. त्यांनी हातातलं पाकीट काढून घेतलं, पाण्याचा पेला दिला. म्हणाले, पुष्कळ काम केलंत, दमलात, बसा. साध्या मराठीत म्हणाले.
मी म्हणालो, जर्रानवाजी है आपकी.
उच्चार बरोबर आला.