दोनदा तपासलेल्या वह्या

प्रिय बडबडे,

फोनच करणार होते, पण फोनवर तू रडली असतीस आणि मी पाघळले असते. म्हणून कागद घेतला. काल तू रजेवर होतीस. साडेसहा वाजले, वाचनालयातली आपली गृहपाठाची खोली बंद करायची वेळ झाली, तरी पोरं दप्तरं लावून दाराशी उभीच. मी म्हटलं, इंग्रजीच्या वह्या तपासून दिल्यात ना, आता पळा घरी. तर ती दात पडलेली चिमुरडी म्हणते कशी, बाईंनी तपासल्यावर ताईंकडे जायचं असतं, त्याशिवाय वही दप्तरात टाकायची नसते.

मला आपलं वाटायचं, तू दाराशी बसून शाबासकीचा शिक्का मारतेस. कौतुक वाटायचं गं! चारचौघांत ऐटीत सांगायची, आमच्या पोरीला मुलांना लळा लावता येतो. काल मी त्या चिमुरडीची वही उघडली. जिथे जिथे माझी हिरवी शाई, तिथे तिथे तुझी पेन्सिल. एका पानावर सहा ठिकाणी. चष्मा पुसला, व्याकरणाचं पुस्तक काढलं, एकेक वाक्य ताडून पाहिलं. पोरीने बरोबर लिहिलं होतं. मी ते खोडून चूक केलं होतं. तू परत बरोबर केलंस. सगळ्यात जुनी पेन्सिल मी दवाखान्यातून घरी आले त्याच आठवड्यातली निघाली. म्हणजे आठ महिने!

अगं, बडबडी हे नाव तुला मीच ठेवलं ना? पाचवीत होतीस, धडा वाचता वाचता मध्येच घरच्या मांजरीने काय केलं ते सांगत सुटायचीस. आणि नेमक्या याच गोष्टीवर तोंडातून ब्र काढला नाहीस. पोरांना ठाऊक, झाडूवाल्या मावशींना ठाऊक, येडी काय ती मी एकटीच. माझ्याच टेबलाशी शिकलीस आणि माझ्याच पाठीमागे मला कुक्कुलं बाळ करून ठेवलंस. बाईंना वाईट वाटेल म्हणून गप्प बसले, असं म्हणशील. चुलीत घाल ती दया. मला राग आलाय, खूप राग आलाय.

डॉक्टर म्हणाले होते, थोडं विसरायला होईल. मी हसण्यावारी नेलं. दूध उतू गेलं, किल्ली सापडेना, ते चालायचंच. पण ज्या इंग्रजीवर चाळीस वर्षं पोट भरलं, ती अशी न सांगता निघून जाईल असं वाटलं नव्हतं. ती इंग्रजी आणि तू, दोघींनी मिळूनच फसवलंत मला.

आता मुद्द्याचं. सोमवारपासून मोठी पोरं माझ्याकडे निबंधाला बसणार आहेत. वाचनालयाच्या व्यवस्थापकांनी मला विचारलं तेव्हा तू शेजारीच होतीस, मान खाली घालून खोडरबर शोधत बसलीस. त्यांची परीक्षा तोंडावर आलीये. तिथे एकीने बिघडवायचं आणि दुसरीने निस्तरायचं, हे चालणार नाही. मी त्या टेबलाशी बसायचं की नाही, ते आता तू सांगायचंस, आणि माझ्या तोंडावर सांगायचंस. सोबत एक पान जोडलंय. आज सकाळी पुस्तक न उघडता इंग्रजीत लिहिलंय. तपास आणि रविवारी स्वतः घेऊन ये. मी तीन वेळा वाचून पाहिलं. मला त्यात एकही चूक सापडत नाहीये गं.

रागावलेली, तरी तुझीच,
बाई