लॅपटॉप इथूनच घेणार

लोणावळा,
९ नोव्हेंबर २०२५

चि. मोईन यास,
अम्मीचे अ. उ. आ. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे. तुझी, अम्माराची आणि माझ्या शिफाची खुशाली कळव. हे पत्र हाताने लिहून त्याचे फोटो तुला पाठवते आहे. गेल्या रविवारी फोनवर मी एकच वाक्य कितीदा तरी सुरू केलं आणि एकदाही तू ते पूर्ण होऊ दिलं नाहीस. कागदाला कुणी मध्येच तोडत नाही. तूही उत्तर लिहूनच दे, आणि जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईच्या मुलाला शोभेल असं दे.

माझं वाक्य असं होतं. जानेवारीत मी तुमच्याकडे कॅनडाला राहायला येणार, त्याआधी मला लॅपटॉप घ्यायचा आहे. इथेच, लोणावळ्याच्या बाजारात, माझ्या पेन्शनमधून. हे ऐकून तू हसलास. अम्मी, तुला कशाला लॅपटॉप, असं म्हणालास आणि शिफाचा नवा दात दाखवायला लागलास. दात सुंदर आहे. पण मी विचारलं होतं ते तसंच राहिलं.

निवृत्त झाल्यापासून मी संध्याकाळी घरी दहावीचा वर्ग घेते, हे तुला माहीत आहे. कुसगावच्या हॉटेलांत खोल्या आवरणाऱ्या, चादरी धुणाऱ्या बायका-मुली येतात. कुणाची शाळा लग्नापायी सुटली, कुणाची धाकट्या भावंडांपायी. यंदा सगळ्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसणार. परीक्षा फेब्रुवारीत. ऐन वेळी मी निघून जाणार, तर उरलेला अभ्यास मी तिथून व्हिडिओवर घेईन असा शब्द दिला आहे. मोबाईलवर त्यांचे चेहरे हरभऱ्याएवढे दिसतात, वहीतलं अक्षर तर दिसतच नाही. म्हणून मोठा पडदा हवा, मराठी टंकता येणारा, आणि निघण्यापूर्वी हाताला सवय झालेला.

तिथे आल्यावर घेऊ म्हणतोस. तिथे तू घेऊन देशील, मग तो तुझा असेल आणि मी तुला विचारून त्याच्यापुढे बसेन. इथे घेतला तर तो माझा. एवढा साधा हिशेब आहे.

अम्माराला दुआ, शिफाला गोड पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अम्मी


हॅमिल्टन,
१३ नोव्हेंबर २०२५

ती. अम्मीस,
मोईनचा सलाम आणि कृ. सा. न. वि. वि.

मायना बरोबर आहे ना? नसेल तर लाल शाईने दुरुस्त करून परत पाठव.

अम्मी, हसलो ते प्रेमाने. तू रागावशील असं मनातही नव्हतं. पण थोडं व्यवहाराने बघ. भारतात घेतलेल्या लॅपटॉपची वॉरंटी इथे बहुतेक चालत नाही. बिघडला तर खोकं होऊन पडेल. चार्जरची पिन वेगळी. शिवाय महिनाअखेरीस इथे मोठा सेल असतो. आणि खरं सांगायचं तर नव्याची गरजच नाही, माझा जुना टॅब्लेट पडून आहे, त्यावर तुझं सगळं होईल.

दुसरं असं की, तुला इथे वेळ कुठे मिळणार आहे? अम्माराची नोकरी बारा जानेवारीला सुरू होते. ती सकाळी आठला निघेल, मी तिच्याही आधी. मग शिफाची न्याहारी, अंघोळ, थोडं बाहेर फिरवणं, जेवण, झोप. तुमच्याकडचे संध्याकाळचे आठ म्हणजे इथले सकाळचे साडेनऊ. नेमकी तिच्या धावपळीची वेळ. एका हाताने पोरगी धरून दुसऱ्या हाताने व्याकरण कसं शिकवशील? वर्ग शाळेतल्या दुसऱ्या कुणा बाईंकडे सोपव. इतकी वर्षं लोकांच्या मुली शिकवल्यास, आता नातीचा वर्ग घे. तिची एकटीची शाळा तुला पुरून उरेल.

लॅपटॉपची घाई करू नकोस. इथे आलीस की निवांत बघू.

तब्येतीला जप. गोळ्या विसरू नकोस. तुझ्या मायेची सावली अशीच राहो.

तुझा,
मोईन


लोणावळा,
२४ नोव्हेंबर २०२५

मोईन यास,

मायना मुद्दाम तोकडा ठेवला आहे. आशीर्वाद आईचे असतात, ते आतून चालूच राहतात. आज ते कागदावर उतरवायला हात वळत नाही.

तुझ्या वर्गमित्राच्या, रमीजच्या दुकानात मी तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि मला हवा तसा माल संपलाय म्हणाला. दुसऱ्यांदा गाडी पुण्याहून निघालीच नव्हती. तिसऱ्यांदा कंपनीनेच तो बनवणं बंद केलं होतं. मी मुकाट्याने घरी आले. त्याच संध्याकाळी वर्गातली अपेक्षा सांगत आली, की तिच्या हॉटेलच्या मॅनेजरने रमीजकडून दुपारीच लॅपटॉप आणला. मी जो पसंत केला होता, तोच.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन उभी राहिले. रमीजला विचारलं, की तुला पाचवीत निबंध लिहायला मी शिकवलं तेव्हा खोटं लिहायलाही शिकवलं होतं का. तो शटरचं कुलूप चाचपत राहिला. मग म्हणाला, टीचर, मोईनचा फोन आला होता. अम्मीला जानेवारीपर्यंत कसंही करून टाळ, तिकडे गेल्यावर ती आपोआप विसरेल, असं म्हणाला.

आपोआप विसरेल. मी हे शब्द घरी येईपर्यंत तोंडात घोळवत होते. बाजारात ओळखीची माणसं सलाम करत होती आणि मला वर बघवेना. आपल्या मुलाने आपल्याला गावात येडी ठरवलं, हे त्या सगळ्यांना माहीत आहे असं वाटत होतं. लहान मूल दुकानात हट्ट धरून बसलं की त्याच्या मागे उभं राहून आपण दुकानदाराला डोळा मारतो ना, नाही म्हणा म्हणून, तसं तू मला केलंस. माझे पैसे, माझं गाव, माझाच विद्यार्थी, आणि डोळा तू मारलास, तो समुद्रापलीकडून.

आता तुझ्या मागच्या पत्राविषयी. ते मी पुन्हा वाचलं. आठला अम्मारा जाणार, तू त्याआधी, मग न्याहारी, अंघोळ, फिरणं, जेवण, झोप. माझा तिथला सगळा दिवस तू वाटून टाकलास. त्यात मी चहा कधी प्यायचा तेही नाही. शिफा माझ्या काळजाचा तुकडा आहे. तिच्यासाठी मी काय करणार नाही? पण ते मी आजी म्हणून करेन. तू मला कामावर ठेवलंस म्हणून नाही. कामावर ठेवलेल्या बाईलासुद्धा लोक विचारतात, की बाई, तुमची वेळ कुठली.

आणि वर्ग दुसऱ्या बाईंकडे सोपव म्हणून किती सहज लिहिलंस. या बायकांना आजवर सगळ्यांनी असंच दुसऱ्याकडे सोपवलं. शाळेने घराकडे, घराने सासरकडे. विठाबाई माझ्याहून थोडीच लहान. हॉटेलच्या चादरी धुऊन तिची बोटं सुजलेली असतात, त्या बोटांनी ती पेन धरते. तिला मी काय सांगू? नातीला झोपवायचं आहे, तुझं तू बघ?

विमानाचं तिकीट मी अजून रद्द केलेलं नाही. पण मी येतेच आहे असं धरून चालू नकोस.

अम्मी


हॅमिल्टन,
२७ नोव्हेंबर २०२५

ती. अम्मीस,
सलाम. वि. वि.

चुकलो. रमीजला फोन करायला नको होता. पण तू समजतेस तसा हेतू नव्हता. तुझे पैसे वाया जाऊ नयेत एवढंच डोक्यात होतं. तुला सरळ नको म्हटलं असतं तर तू चिडली असतीस, म्हणून आडून गेलो.

पण आता तिकिटाचं असं अर्धवट ठेवू नकोस. अम्माराला ही नोकरी फार वाट पाहून मिळाली आहे. तू आली नाहीस तर तिला ती सोडावी लागेल. एका लॅपटॉपपायी तिचं नुकसान व्हावं असं तुलाही वाटणार नाही. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही, उगाच तिला ताण नको. तूही काही बोलू नकोस.

राग सोड. मुलावर आहे तो लोभ असू दे.

मोईन


हॅमिल्टन,
५ डिसेंबर २०२५

ती. अम्मींच्या सेवेशी,
अम्माराचा आदबीने सलाम. वि. वि.

तुमचं चोवीस तारखेचं पत्र मी वाचलं. शिफाला गाणी लावायला मोईनचा फोन घेतला, तर पडद्यावर तुमचं अक्षर. पहिल्या दोन ओळी वाचून ठेवून द्यायला हवा होता. ठेवला नाही. माफी त्याबद्दल मागते, बाकी कशाबद्दल नाही.

त्यांचं शेवटचं पत्रही वाचलं. माझ्या नोकरीचं ओझं तुमच्या डोक्यावर ठेवलेलं पाहिलं आणि अंगाची लाही झाली. मी तसं कधी बोलले नव्हते. उलट मी विचारलं होतं, की अम्मींना हे सगळं झेपेल का, त्यांना विचारलंत का. तेव्हा म्हणाले, अम्मीच म्हणतेय, मी सगळं बघते. तुम्ही असं म्हणाला नव्हतात, हे मला आता कळतंय.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. लग्नानंतर मी इकडे निघाले तेव्हा माझा लॅपटॉप वडगावला माहेरी ठेवून आले. मी त्यावर हिशेबाची कामं करत होते, चार दुकानांची. मोईन म्हणाले, जुना कशाला ओझं, तिथे गेल्यावर नवा घेऊ. मी हो म्हटलं. इथे आल्यावर आधी भाडं, मग गाडी, मग शिफा. त्यांच्या लॅपटॉपवर त्यांचं काम नसेल तेव्हा बसायची. नोकरीचे अर्ज मी वाचनालयातल्या संगणकावर केले, शिफाला कडेवर घेऊन. ही नोकरी तशी मिळाली आहे, अम्मी. ते वाईट नाहीत, तुम्हालाही ठाऊक आहे. पण तिथे घेऊ म्हणताना त्यांना खरंच वाटत असतं की आपण होकार दिला. मागणाऱ्याला पुढे कळतं, की तो नकार होता.

गेल्या शनिवारी मी शिफाला त्यांच्या मांडीवर दिलं आणि एकटी दुकानात गेले. निकाहात मिळालेले माझ्या मेहेरचे पैसे मी इतकी वर्षं हात न लावता ठेवले होते, त्यातून स्वतःसाठी लॅपटॉप घेतला. घरी आणून टेबलावर ठेवला आणि तुमची दोन्ही पत्रं त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. ते ऐकत बसले. मधे बोलले नाहीत. मग म्हणाले, आपोआप विसरेल असं मी म्हणालो होतो, अगदी हेच शब्द.

शिफासाठी घराजवळच्या पाळणाघरात सकाळच्या वेळेची जागा मिळाली आहे. तुम्ही या किंवा न या, ती तिथे जाईल. सोडायला मोईन जातील, त्यासाठी त्यांनी कामाची वेळ बदलून मागितली आणि ती मिळाली. तेव्हा माझ्या नोकरीसाठी म्हणून येऊ नका. यावंसं वाटलं तर या, आणि तुमच्या लॅपटॉपसकट या.

सुनेवरची माया आटू देऊ नका.

तुमची,
अम्मारा


लोणावळा,
१४ डिसेंबर २०२५

चि. अम्मारा आणि चि. मोईन यांस (क्रम मुद्दाम लावला आहे),
अ. उ. आ. वि. वि.

अम्मारा, तुझं पत्र वाचून मी आधी खूप चिडले, तुझ्या वतीने. एवढे दिवस वाचनालयात पोरगी कडेवर घेऊन उभी राहिलीस आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस. यापुढे अशी गप्प राहिलीस तर मराठीच्या बाईंशी गाठ आहे.

मोईन, तुझं वेगळं पत्रही पोचलं. चार ओळींचं आहे, पण त्यात ‘पण’, ‘परंतु’, ‘हेतू’ हे शब्द नाहीत, म्हणून ते मी जपून ठेवलं. माफ केलं का, विचारतोस. अजून पुरतं नाही. राग विमानात बरोबर घेऊन येते, तो काय वजनात धरत नाहीत. समोर बसून एकदा बोलेन, तू मध्ये बोलायचं नाहीस, मग तो विषय संपला.

लॅपटॉप घेतला. रमीज स्वतः घरी आला होता, टीचर, घरपोच आणून देतो म्हणाला. मी चहा दिला आणि नको म्हणून सांगितलं. अपेक्षा आणि विठाबाईला घेऊन लोकलने वडगावला गेले आणि तिथल्या बाजारात घेतला. दुकानातल्या मुलीने पहिल्यांदा विचारलं, की मॅडम, तुम्हाला तो कशासाठी हवाय. बस, एवढंच तर कुणीतरी विचारायला हवं होतं. वॉरंटी तिकडे चालणार नाही, हे तिने आपणहून सांगितलं. मी म्हटलं, चालू दे न चालू दे, मला तो आज चालवायचा आहे.

परवा आम्ही तालीम घेतली. सगळ्याजणी बाहेरच्या खोलीत अपेक्षाच्या मोबाईलसमोर बसल्या आणि मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात, मधलं दार लावून. आधी नुसती घरघर ऐकू आली. मग चेहरे आले, ओळखू येण्याएवढे मोठे. विठाबाईने वही पडद्यासमोर धरली. तिसऱ्या ओळीत ‘परिस्थिती’तली शेवटची वेलांटी ऱ्हस्व होती, मी ओट्यापाशी बसून ती पकडली आणि तिला नेहमीसारखी रागावले. तिने वही खाली केली, पदराने तोंड पुसलं आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाली, बायांनो, घाबरू नगा, कॅनडा काय लय लांब न्हाई.

सहा जानेवारीला निघते. शिफाला सांगा, आजी येतेय. सकाळी साडेनऊला मात्र माझं दार लावलेलं असेल.

सर्वांवर जीव आहेच, तो तुमच्याकडूनही असू द्या.

तुमची,
अम्मी