यंदा वटवट्या आलाच नाही

२ मार्च
थंडी सरली. पक्षी उत्तरेकडे निघाले. उद्यापासून रोज पहाटे तळ्यावर. पक्षिमित्र मंडळाच्या मीटिंगमध्ये वटवट्याची मोजणी यंदाही माझ्याकडेच आली. येणारच! एवढासा, पानाच्या रंगाचा पक्षी. शेंड्यावरच्या पानांत फिरतो, काही केल्या दिसत नाही, नुसता टिस् टिस् बोलत राहतो. तो कानानेच मोजावा लागतो. आणि कानाच्या बाबतीत मंडळात माझा हात धरणारा आहे कोण? कोर्टात स्टेनो होतो. वकील पुटपुटले, साहेब खोकले, तरी शब्द सुटला नाही.
संकल्प: पहाटे उठणे. गोड बंद. कॅशियरबाईंशी वाद घालायचा नाही. (बँकेत असतात. मंडळात नव्या आहेत. उत्साह दांडगा, अनुभव शून्य.)

५ मार्च
धोबी पक्षी आले. तुतवार आले. होला घुमत होता, अगदी स्पष्ट. वटवट्या नाही. पक्ष्यांनाही हल्ली शिस्त उरलेली नाही.
एक बिस्किट खाल्लं. बिस्किट गोडात धरत नाहीत.

९ मार्च
नाही.
आज हिला सोबत नेलं. पंपहाउसमागच्या मोठ्या झाडाखाली ही थांबली, वर बघत म्हणाली, काय कलकलाट चाललाय! मी विचारलं, कुणाचा? म्हणाली, कुणाचा म्हणजे? तुमच्याच त्या वटवट्यांचा. एवढी वर्षं संसार केला, पण हिचा विनोद काही सुधारला नाही. मी हसलो नाही. हसलो की माणूस शेफारतो.

१३ मार्च
मीटिंग. कॅशियरबाईंनी सांगितलं, तळ्याकाठी वटवटे भरपूर. मी उभा राहून हरकत घेतली. म्हणालो, मी रोज पहाटे तिथे उभा असतो, एकही नाही. बाई म्हणाल्या, काका, रेकॉर्ड केलंय, ऐका ना. मोबाइल माझ्या कानाला लावला. नुसती खरखर. मी म्हणालो, बाई, तुमचा स्पीकर गेलाय, दुरुस्त करून घ्या.
अध्यक्ष (गुरांचे डॉक्टर, रिटायर्ड, सज्जन माणूस) छताकडे बघत बसले. बरोबर आहे. खरं बोललं की लोक छताकडेच बघतात.

१४ मार्च, दुपार
कारण सापडलं! जेवताना एकदम डोक्यात आलं. तळ्यालगतच्या मैदानावरचे नवे दिवे! नगरपालिकेने मुलींच्या हॉकीसाठी लावलेत. वटवट्या रात्री उडतो, चांदण्यांच्या आधाराने वाट काढतो. खाली हा झगझगाट. तो कशाला उतरेल इथे? पेपरला पत्र लिहायला घेतलं. हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, पण ते आलेत हो. मी पुढचा परिच्छेद जरा मोठ्याने वाचला.

१९ मार्च
छापून आलं! पान पाच, वरच्या कोपऱ्यात. ‘वटवट्याचे मौन’. मथळा माझाच. न्हाव्याने अभिनंदन केलं. निदान त्याचे ओठ तसे हलले.
मुलीचा फोन. हल्ली ती फार पुटपुटते. सगळेच पुटपुटतात. या पिढीला शब्द धड उच्चारायचेही कष्ट नकोत. तिला तसं ठणकावून सांगितलं. तिने उत्तर दिलं असावं.
शेजारी येऊन गेला. म्हणे टीव्ही बारीक करा. घराच्या भिंती पातळ बांधल्या, त्याला मी काय करू?

२४ मार्च
विजय! पक्षी जाईपर्यंत मैदानाचे दिवे संध्याकाळनंतर बंद. लेखणीत ताकद असते हे मी कायम म्हणत आलोय.
सहाच्या सुमाराला हॉकीच्या कोचबाई घरी. तावातावाने हातवारे. मॅच तोंडावर आलीय, मुलींनी अंधारात सराव करायचा का, असं काहीसं. पूर्ण कळलं नाही. चिडलेल्या माणसाचं मी पूर्ण ऐकत नाही. हिने त्यांना बसवलं, चहा दिला, दारापर्यंत सोडायला गेली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, अहो, एकदा कान तपासून घ्या. मी म्हणालो, माझे कान ठणठणीत आहेत, मला होला ऐकू येतो. ही म्हणाली, होल्याचा आवाज केवढा जाडा! तो भिंतीलाही ऐकू येईल.
पक्षी हिने मला शिकवायचे!

२५ मार्च
दिवे बंद, तरी वटवट्या नाही. त्यांच्यापर्यंत बातमी पोचायला वेळ लागणारच.

२७ मार्च
अध्यक्ष स्वतः आले. फार गोड बोलले. म्हणजे काहीतरी काढून घ्यायला आले होते. म्हणे यंदा तुम्ही जरा विश्रांती घ्या, मोजणी बाई बघतील. मी जागच्या जागी राजीनामा दिला. मोजणीचाच नव्हे, मंडळाचाही! अध्यक्ष म्हणाले, अहो, असं नका करू. मी म्हणालो, झालं करून.
संध्याकाळी नवीन मंडळ स्थापन केलं. अध्यक्ष मी, चिटणीस मी. सभासद व्हायचं का म्हणून हिला विचारलं. विचार करून सांगते म्हणाली. अजून विचार चालू आहे.

३० मार्च
आजचं नीट लिहून ठेवतो. उद्या लोक काहीही बोलतील.
संध्याकाळी आम्ही दोघं तळ्यावर गेलो. मैदानाचे दिवे बंद, त्यामुळे काठाच्या वाटेवर अंधार लवकर पडला. मी पुढे होतो. लक्ष सगळं झाडांकडे. पंपहाउसपाशी वळून बघितलं तर ही मागे नाही. वाटलं, कंटाळून परत गेली असेल. सांगून जायची पद्धत आमच्याकडे राहिलेली नाही. मीही घरी आलो. ही घरी नव्हती. मैत्रिणीकडे गेली असेल म्हणून एकट्यापुरता चहा केला.
चहा संपायच्या आत दार वाजलं असावं. कारण कॅशियरबाई खिडकीतून हात हलवत होत्या. दार उघडलं. त्यांच्या खांद्यावर हात टाकून ही उभी. साडीला चिखल, घोटा सुजलेला. वाटेवरच्या खड्ड्यात पाय मुरगळून पडली होती.
मी म्हणालो, हाक मारायची नाही का?
ही काही बोलली. आवाज निघेना. बाईंनी सांगितलं, काका, काकू घसा बसेपर्यंत तुम्हाला हाका मारत होत्या. मी म्हणालो, हळू मारल्या असतील. बाई म्हणाल्या, मी मैदानाच्या पलीकडे होते, मला तिथे ऐकू आल्या. तुम्ही तर चार पावलं पुढे होतात.
बाईंची अतिशयोक्तीची सवय जुनीच आहे.
हिच्या पायाला बर्फ लावला. ही भिंतीकडे बघत होती. चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या बाईला उत्तर देता येतं.

३१ मार्च
ही सकाळपासून गप्प आहे. खरोखरच गप्प आहे. ओठ बघून खात्री केली.

२ एप्रिल
नगरपालिकेत जाऊन दिवे पुन्हा लावा म्हणून अर्ज दिला. मत बदललेलं नाही. पक्षी येत नाहीत तर नाहीत, निदान माणसं तरी पडू नयेत, एवढाच मुद्दा. तिथला साहेब म्हणाला, अहो, बंद करा म्हणून तुमचंच पत्र होतं ना? मी म्हणालो, मग सुरू करा म्हणून दुसरं कोण देणार?
येताना कोचबाई भेटल्या. मी नमस्कार केला. त्यांनीही केला, जरा कमी.

५ एप्रिल
कानाच्या डॉक्टरांकडे. केवळ हिच्या समाधानासाठी. ही लंगडत सोबत आली, बाहेर बाकावर बसली.
काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावला. आवाज आला की बटण दाबायचं. दाबलं. परत दाबलं. मग काहीच येईना. बराच वेळ वाट बघून मी काचेवर टकटक केली, म्हणालो, तुमचं मशीन बंद पडलंय. बंद पडलं नव्हतं.
आलेख दाखवला. रेघ आधी चांगली सरळ जाते आणि मग कड्यावरून पाय घसरल्यासारखी खाली. जाडे आवाज शाबूत, बारीक गेले. पक्ष्यांचे, बायकांचे, मुलांचे. वयाने जातात, म्हणाले. कधी गेले असतील, विचारलं. म्हणाले, दोन-तीन वर्षं तरी झाली असतील.
पण गेल्या वर्षी मी वटवटे मोजले होते! चांगले भरघोस मोजले होते. या मुद्द्यावर सवडीने विचार करायचा.

११ एप्रिल
कानात यंत्र. घर केवढं बोलतं! फ्रिज बोलतो, पंखा बोलतो, पेपरचं पान उलटलं तरी कानाशी कागद फाडल्यासारखं वाटतं. ही भांडी लावताना गुणगुणते. विचारलं, हे कधीपासून? म्हणाली, कधीपासून म्हणजे? नेहमीच.
मी थोडा वेळ ओट्याशी उभा राहिलो. काही काम नव्हतं.
उद्या पहाटे तळ्यावर. अध्यक्षांना आणि कॅशियरबाईंना निरोप धाडलाय. आता समोरासमोर निकाल लागू दे!

१२ एप्रिल
दोघंही आले. हीसुद्धा आली, काठी टेकत. मोठ्या झाडाखाली उभे राहिलो. पानं सळसळतात. पाणी काठाला चुबुक चुबुक लागतं. खंड्या ओरडत गेला. वटवट्या नाही.
मी कान बदलून बघितला. नाही. यंत्राचा आवाज वाढवला. अध्यक्षांच्या पोटातली गुरगुर ऐकू आली. वटवट्या नाही.
बाई अगदी हळू म्हणाल्या, गेले काका. मागच्या आठवड्यातच गेले सगळे.
अध्यक्षांनी नोंद केली: वटवटे नाहीत. सगळ्यांना मान्य? सगळ्यांना मान्य. मी म्हणालो, मी महिनाभर दुसरं काय सांगतोय? बाईंनी दुर्बिणीची काच पुसायला घेतली.
परत येताना हिच्या पायासाठी हळू चाललो. मागून ही स्वतःशीच पुटपुटली, सुधारायचे नाहीत हे, पण आता हाक मारली तर वळतील तरी.
शब्द न् शब्द ऐकू आला. ऐकू न आल्यासारखं केलं.