रिकाम्या हातानं येणाऱ्याचं पहिलं पान

बाई, शेवटी मी तो भूमध्य समुद्र पाहिला. मुलगी नोकरीसाठी तिकडं असते, तिनं हट्टानं बोलावून घेतलं. उन्हाळा नुकता लागत होता, पण तिथलं ऊन आपल्या सोलापूरसारखं अंगावर धावून येत नाही, सावलीत गेलं की विसरायला होतं. बाजारात चेरी आणि जर्दाळूंचे ढीग, खारवलेले ऑलिव्ह, वाळूवर शेकोट्या, निखाऱ्यावर भाजले जाणारे मासे आणि त्या आगीवरून उड्या मारणारी पोरं. तुम्ही वर्गात सांगितलेलं सगळं होतं. एकच गोष्ट मी वेड्यासारखी शोधत होते, ती तेवढी नव्हती. रिकाम्या हातानं आलेल्याला कुणी आधी वाढत नव्हतं, जो तो आपलं विकत घेऊन खात होता. मुलगी म्हणाली, "आई, काय शोधतेयस?" मी म्हटलं, चष्मा.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता तो. सकाळची शाळा, तरी नऊ वाजता पत्रे तापायचे. विहिरी आटलेल्या, रेशनवर अमेरिकन ज्वारीचा तो लाल मिलो, आणि अर्ध्या वर्गाच्या पोटात तोही नाही. माझे वडील कचेरीत होते, त्यामुळे माझा डबा भरलेला. माझ्या बाकावरची मुलगी अक्कलकोटकडच्या खेड्यातून आलेली. तिची आई गावाबाहेर दुष्काळी कामावर खडी फोडायची. एकदा मी तिच्यापुढं अर्धी भाकरी केली, तर म्हणाली, "नगं. अव्वा रागावती. कुनाचं फुकट खायाचं न्हाय." आईला ती अव्वा म्हणायची. मी पुन्हा विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच पडलं.

मग तुम्ही भूमध्य सामुद्रिक हवामानाचा धडा काढलात. तुम्ही फळ्यावर किनारा काढता, हाताला खडू लागलेला, आणि सांगता की उन्हाळा लागताना तिथं सण असतो, महिनाभर चालतो, आणि त्यात जो रिकाम्या हातानं येईल त्याचं पहिलं पान. त्याचं पोट भरल्याशिवाय बाकीच्यांनी अन्नाला शिवायचं नाही, नाहीतर समुद्र रुसतो. आपणही करून बघू, म्हणालात. माझ्या बाकावरची हळूच उठली. "बाई, तितं खरंच असं करत्यात?" एरवी आमच्या अशुद्ध बोलण्यावरून कान पिळणाऱ्या तुम्ही तिच्याच बोलीत म्हणालात, "व्हय की. भूगोलात हाय." त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत सगळे डबे मधे ठेवायचे आणि रिकाम्या हाताच्या मुलींनी आधी बसायचं. ती बसली. मान खाली घालून, भराभर जेवली. एक धडा तुम्ही तीन आठवडे पुरवलात, पुढचे धडे तसेच राहिले, मुख्याध्यापिकांची बोलणी खाल्लीत.

वर्गात पहिली येणारी मी. वाचनालयातून जाडजूड पुस्तक आणलं आणि त्या किनाऱ्याचं सगळं प्रकरण वाचून काढलं. एका शनिवारी, मुली जेवत असताना, उभी राहिले. "बाई, पुस्तकात अशी चाल कुठंच नाही. तुम्ही ही मनानं सांगितलीत." तिच्या तोंडात घास होता. तिनं तुमच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, उठून दारापाशी गेली, घास बाहेर टाकला आणि दप्तर घेऊन निघून गेली. तुम्ही मला एवढंच म्हणालात, "बस खाली." कानफटात मारली असतीत तर बरं झालं असतं, बाई. आजही वाटतं.

सोमवारी ती आली नाही. तुम्ही दोनदा खडीच्या कामावर तिला शोधायला गेलात, हे शिपाईमावशींकडून कळलं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी हजेरीपट ठेवायला शिक्षकांच्या खोलीत आले होते आणि दारात तिची आई उभी होती, तुम्ही लेकीला दिलेलं नकाशांचं पुस्तक परत करायला. "माज्यासंगं खडीवर येत हुती. ऊन लागलं, बाई. दोन दिस लई ताप, मग संपलंच की." तुम्ही ते पुस्तक दोन्ही हातांनी घेतलंत. ती जेवत राहिली असती तर वाचली असती का, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नव्हतं. पण त्या वर्षी तुम्ही भूगोलात मला सर्वांत जास्त मार्क दिलेत आणि एकदाही माझ्या डोळ्यांत पाहिलं नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात कॉलेजात होते. निरोप मिळाला होता. आले नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? लिहून झालं की कपाटात जाईल. आजवर मी हा प्रसंग नवऱ्याला, मुलीला सांगितला तेव्हा दरवेळी मीच म्हणाले, लहान होते, पुस्तकी होते, बाईंचा डाव मला कळला नाही. तो मला पहिल्याच दिवशी कळला होता, बाई. त्या शनिवारी आईनं डब्यात माझ्या आवडीच्या दोनच गोड शेंगापोळ्या दिल्या होत्या, आणि एक खाऊन तिनं दुसरीही उचलली.